खांद्यावरची नाव

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. उड्डाणपुलाखाली बस, रिक्षा, भाजीचे टेम्पो यांची दिवसभर दाटी असते. तिथून काही किलोमीटरवर शरणपूर रोड आहे. त्या नावातलं ‘शरण’ अगदी शब्दशः खरं आहे. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वसाहत उभारली आणि पुढे आफ्रिकी मुलं तिच्या आश्रयाला आली. गुलामांचा व्यापार करणाऱ्या अरबी गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने या मुलांची सुटका केली होती. रेव्हरंड विल्यम प्राइस यांच्या देखरेखीखाली ती लिहायला-वाचायला शिकली. सुतारकाम, लोहारकामही शिकली. आफ्रिकेच्या संशोधनाच्या इतिहासात त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात नद्यांचा शोध घेणाऱ्यांनी वापरलेल्या सुट्या भागांच्या नावा हा माझ्या अभ्यासाचा विषय. या नावांचा माग काढत गेलं की वाट हमखास मुंबईला आणि तिथून नाशिकला येते.

अशी नाव लागायची कशाला? आफ्रिकेतल्या मोठ्या नद्या पठारावरून किनाऱ्याकडे उतरताना धबधब्यांनी तुटतात. खालून आलेली आगबोट धबधब्याशी अडते, आणि वर पुन्हा शेकडो मैल संथ पाणी पसरलेलं असतं. म्हणजे नाव मोडायची, डोंगर चढवायची आणि वर जोडायची. हे ओझं बैलगाडीवर लादावं, तर पुष्कळ भागांत त्सेत्से माशी चावून बैल मरत. उरली माणसाची डोकी आणि खांदे. एक हमाल साधारण तीस किलो वजन घेऊन चालायचा, आणि नावेचे किती व केवढे तुकडे पाडायचे याचं गणित या आकड्यापाशी येऊन थांबायचं.

ही कल्पना आफ्रिकेच्याही आधीची. हिंदुस्थानची टपाल लवकर पोचावी म्हणून फ्रान्सिस चेस्नी याने १८३५मध्ये युफ्रेटिस नदीचा मार्ग तपासायला घेतला. लेअर्डच्या कारखान्यातल्या दोन लोखंडी आगबोटींचे सुटे भाग त्याने भूमध्य समुद्राच्या काठावरून सिरिया ओलांडून नदीपर्यंत नेले. जोडलेल्या बोटींपैकी ‘टायग्रिस’ १८३६च्या मे महिन्यात वादळात बुडाली. तरीही नाव जमिनीवरून नेता येते, हे सिद्ध झालं होतं.

आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टन याने १८५८मध्ये झांबेझीवर नेलेली ‘मा रॉबर्ट’ तीन भागांत आली होती. लांबी ७५ फूट, रुंदी ८ फूट आणि पोलादी पत्रा जेमतेम एक-षोडशांश इंच जाड. वजन वाचलं, पण तो पत्रा गंजाला पुरला नाही. बुडाला भोकं पडू लागली, बंब लाकडं खात सुटला आणि १८६०च्या डिसेंबरात बोट वाळूच्या दांड्यावर कायमची रुतली. पातळ पत्र्याची नाव हलकी असते, पण टिकत नाही. जाड पत्र्याची टिकते, पण उचलत नाही. या पेचातून शतकभर कुणाचीच सुटका झाली नाही.

पुढची ‘लेडी न्यासा’ लिव्हिंगस्टनने स्वतःच्या पैशाने बांधून घेतली. सहा हजार पौंड खर्च आला. १८६२मध्ये तिचे भाग झांबेझीच्या मुखाशी उतरले. ते भाग आणणाऱ्या जहाजानेच त्याची पत्नी मेरी आली होती, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये शुपांगा इथे तापाने तिचा अंत झाला. बोट जोडली, जूनमध्ये पाण्यात उतरवली. शिरे नदीवरच्या मर्चिसन धबधब्यांपाशी पोचल्यावर ती पुन्हा उकलायला घेतली. चाळीसेक मैलांची वाट, त्यासाठी झाडं तोडणं सुरू झालं, आणि १८६३च्या जुलैत सरकारचा निरोप आला: मोहीम आवरा. वर न्यासा सरोवर होतं, पण त्याच्या नावाची ही बोट तिथे कधीच पोचली नाही.

ती पोचली मुंबईला. झांझिबारला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा नदीसाठी बांधलेली ही चिमुकली बोट लिव्हिंगस्टनने ३० एप्रिल १८६४ रोजी भर समुद्रात घातली. जवळ चौदा टन कोळसा, बाकी भरवसा शिडांवर, आणि समोर पावसाळा. पंचेचाळीस दिवसांनी, १३ जूनला, ती मुंबई बंदरात शिरली. तिच्यावर शुपांगाचा सुसी होता आणि चुमा व वेकातानी ही दोन मुलं होती. सुसीने गोदीत काम धरलं, मुलं डॉ. विल्सन यांच्या शाळेत गेली. बोट २,३०० पौंडांना विकली गेली आणि तो पैसाही बँक बुडाल्याने गेला.

नव्या मोहिमेची माणसं जमवताना लिव्हिंगस्टन नाशिकपर्यंत पोचला. १८६६च्या जानेवारीत तो मुंबईहून निघाला, तेव्हा सुसी, चुमा आणि शरणपूरची नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. १८७२मध्ये जेकब वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन हे शरणपूरचे आणखी काही तरुण त्याला जाऊन मिळाले.

१ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन मरण पावला. मोहिमेला आता गोरा पुढारी नव्हता. माणसांनी आपसात ठरवलं की देह किनाऱ्यापर्यंत न्यायचा. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. प्रार्थना जेकबने म्हटली, झाडावरची अक्षरंही त्यानेच कोरली. देह उन्हात वाळवून झाडाच्या सालीच्या नळकांड्यात ठेवला, वर शिडाचं कापड शिवलं आणि ते दोघांना खांद्यावर घेता येईल असं दांड्याला बांधलं. सुमारे नऊ महिन्यांनी, १८७४च्या फेब्रुवारीत, ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले.

आपल्याकडे भोई समाजाने पालखीही वाहिली आणि नदीवर नावही चालवली. पाणी आणि खांदा यांचं नातं मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मात्र नकाशांवर आणि बोटींवर नावं लागली ती वाहून नेणाऱ्यांची नव्हेत, म्हणून ही यादी मुद्दाम सांगावीशी वाटते: सुसी, चुमा, जेकब, कॅरस, मॅथ्यू.

१८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत लिव्हिंगस्टनची शवपेटी नेताना मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता आणि आफ्रिकेचा दुसरा संशोधक हेन्री स्टॅनलीही होता. त्याच वर्षी स्टॅनलीने टेम्सकाठी ‘लेडी अॅलिस’ बांधून घेतली: चाळीस फूट लांब, सीडर लाकडाची, पाच तुकड्यांची. तुकडे इतके जड निघाले की आफ्रिकेत ते पुन्हा कापून लहान करावे लागले. त्या बोटीने व्हिक्टोरिया सरोवराची प्रदक्षिणा घातली, टांगानिका पाहिलं, काँगो उतरली. १८७७मध्ये इसांगिलाच्या धबधब्यावर तिला खडकांवर सोडून स्टॅनली पुढे गेला.

न्यासा सरोवरावर पहिली आगबोट १८७५च्या ऑक्टोबरात तरंगली. तिचे सुटे भाग शेकडो हमालांनी मर्चिसनच्या धबधब्यांवरून, लिव्हिंगस्टन अडला होता तिथून, वर नेले होते. नाव ठेवलं ‘इलाला’, तो गेला त्या प्रदेशाचं. त्याच वर्षी प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसवलं, आणि शरणपूरला वाढलेली कितीतरी माणसं समुद्र ओलांडून तिकडे राहायला गेली.