मीटरपासून माठापर्यंत

दिवाळीआधी आपण माळे काढतो, पितळेचे डबे चिंचेने घासतो, पंख्याची पाती पुसतो. सोसायटीच्या अंडरग्राउंड टाकीचं झाकण मात्र कुणी उघडत नाही. पाण्याचे नमुने तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. पुण्यात मला सर्वांत जास्त घोर लागतो तो या झाकणाचा.

गेल्या वर्षी पुतणीकडे गेले होते. तिथे शुद्धीकरणाचं यंत्र विकणारा मुलगा आला होता. त्याने एका ग्लासात नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात यंत्राचं, आणि दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडली. बघता बघता नळाचं पाणी तपकिरी झालं, वर फेस आला. दुसरं नितळच राहिलं. “बघा काकू, हे पिता तुम्ही!” पुतणीच्या सासूबाई हादरल्या.

मी आतून चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या नितळ ग्लासात टाकलं आणि म्हटलं, आता सोड वीज. तेही पाणी तपकिरी झालं. रंग कांडीच्या लोखंडाचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. क्षार काढून टाकले की वीज जवळजवळ वाहतच नाही. यात जंतूंचा काही संबंध नाही. टीडीएसचं मीटरही क्षारच मोजतं, जंतू नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार स्वीकारार्ह मानले आहेत, आणि खडकवासल्याच्या पाण्यात ते मुळातच कमी. अशा पाण्याला आरओ लावायचा आणि पेलाभर पाण्यासाठी दोन-तीन पेले मोरीत सोडायचे, हे मला बघवत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत, कुठे बोअरचं पाणी खारट असतं. तिथली गोष्ट वेगळी.

मुलगा गेला. सासूबाईंनी विचारलं, “ते सगळं खरं, पण मग पाण्याला वास कसला येतो?” वास येत होता. घरात वीस लिटरचा जार सुरू झाला होता तोही त्यामुळेच.

माझ्या पर्समध्ये क्लोरीन तपासायच्या द्रावणाची, ओटीची, बाटली असतेच. खाली पाण्याच्या मीटरजवळच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेतलं, दोन थेंब टाकले. लगेच लिंबासारखा पिवळा रंग आला. म्हणजे क्लोरीन शिल्लक होतं. लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम हवं असतं. मग स्वयंपाकघरातलं पाणी घेतलं. रंगच नाही. महापालिकेने धाडलेला राखणदार फाटकापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत कुठेतरी संपला होता. पार्किंगमध्ये टाकीचं झाकण एका कोपऱ्यात फुटलेलं, त्यावर गाडी उभी, आणि आत बॅटरी मारली तर तळाला बोटभर गाळ. क्लोरीन त्या गाळावरच खर्ची पडत होतं, वासही तिथलाच.

विकतच्या पाण्याला मी सरसकट वाईट म्हणत नाही. प्रवासात मीही सीलबंद बाटली घेते, आयएस 14543 चा शिक्का बघून. पण तिच्यातलं पाणी ओझोन किंवा अतिनील किरणांनी जंतुमुक्त केलेलं असतं, मागे राखणदार उरत नाही. बूच उघडून तोंड लावलं की ते उघडं पाणी. थंड पाण्याच्या जारला तर सीलच नसतं.

“बाटल्या रिसायकल होतात की!” असं मला हमखास ऐकवलं जातं. होतात, पण कशा ते एकदा बघावं. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बायका आणि 2008 पासून त्यांचीच ‘स्वच्छ’ संस्था कचरा गोळा करायचं, निवडायचं काम करतात. लग्नाच्या हॉलमागे बसून अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या एकेक करून ओतणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पाण्यासकट त्या कोण विकत घेणार? पुढे बाटल्यांचा चुरा होतो आणि हौदात पडतो. बुचांचा चुरा तरंगतो, बाटलीचा बुडतो. लेबल पीव्हीसीचं असेल तर तेही बुडतं, आणि वितळवताना त्यातून आम्ल सुटून अख्खा घाणा नासतो. चांगल्या चुऱ्याचा बहुतेक करून धागा होतो, उशीत भरायचा कापूस होतो. त्या उशीची पुन्हा बाटली होत नाही. पुढच्या बाटलीला मग बहुतांशी नवं प्लास्टिकच लागतं.

मग पुतणीच्या सोसायटीची सभा घ्यायला लावली. टाकी उपसली, घासली, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतली, झाकण नवं बसवलं, मग गच्चीवरचीही धुतली. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात पुन्हा नळी धरली. या वेळी सासूबाईंनीच थेंब टाकले. पिवळा रंग आल्यावर त्या नळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या. ते पाणी ओतून द्यायचं असतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. मग त्यांनी माठ विसळायला घेतला आणि पुतणीला म्हणाल्या, “जारवाल्याला फोन कर, उद्यापासून नको म्हणावं.”

ओटीची बाटली आता त्यांच्या फळीवर असते, हळदीच्या डब्यापासून लांब, वर चिठ्ठी चिकटवलेली. दर शनिवारी त्या खाली मीटरपाशी जातात.