मळ्या

भाषेच्या माणसाने मत्स्यशास्त्राच्या सूचीत सहसा डोकावू नये. एकदा डोकावले की बाहेर पडणे कठीण होते. 'गारा मुल्या' हे नाव मी अशाच एका सूचीत वाचले. दख्खनच्या ओढ्यांत, खळाळत्या उथळ पात्रांत राहणारा हा बोटभर मासा. खालच्या ओठामागे त्याला एक चकती असते. तिच्या आधाराने तो धारेत दगडाला धरून राहतो, दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. माझ्या आजोळी त्याला मळ्या म्हणत.

मग हा 'मुल्या' कोण? उत्तर साइक्सच्या लेखनपद्धतीत आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली आणि पुष्कळ माशांना लॅटिन नाव देताना इथलेच नाव ठेवले. दख्खन हा शब्द तो रोमन लिपीत 'दुखुन' असा वाचला जाईल असा लिहितो. म्हणजे त्याचा 'यू' हा आपला अ. 'शिंगटी' त्याच्या यादीत सहज ओळखू येते. 'नुक्ता' मात्र मला 'नकटा'च वाटतो, कारण त्या माशाचे नाक खरोखरच चिरल्यासारखे असते. ळ तर रोमन लिपीत बसलाच नाही.

पुढे मळ्याची प्रजात बदलली, जातिनाम मात्र तसेच राहिले. शास्त्राच्या नियमानुसार आद्य नावाला अग्रक्रम असतो. त्याच दशकात, १८३१ साली, मोल्सवर्थचा कोश निघाला. त्याची आपण पारायणे करतो. साइक्सची यादी मात्र मराठीच्या अभ्यासक्रमात मी कधी पाहिली नाही. त्याला ही नावे सांगणारे भोई-कोळी कोण होते, हे तर विचारायलाच नको.

मळ्याला वाहते पाणी लागते. धरणाच्या फुगवट्याखाली धार निवते, वाळूउपशाने तळ खरवडला जातो. मासा गेला की त्याला हाक मारायचे कारणही जाते, आणि उरतो तो रोमन लिपीतला 'मुल्या'.

गेल्या वर्षी बोलींच्या तासाला ही नावे मी फळ्यावर लिहिली. वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरचा मावळातला एक मुलगा तेवढा म्हणाला, "सर, मळ्या गळाला लागत नाही. दगड उचलून हातानंच धरावा लागतो." मी त्याला फळ्याजवळ बोलावले. उरलेला तास त्यानेच घेतला.