एसट्रेस, मु. पो. टर्मिनल

एसट्रेसला सगळं कळतं. त्रास एवढाच, की त्याला कळेपर्यंत समोरच्याचं काम खोळंबतं. हा दोष त्याने कधी लपवलेला नाही. त्याच्या मॅन पेजवर, दोषांच्या रकान्यात, सरळ लिहिलंय की ज्या प्रोसेसचा माग काढला जातो ती मंद चालते. स्वतःविषयी इतकं खरं बोलणारी मंडळी सॉफ्टवेअरच्या जगात फार नाहीत.

जन्म १९९१ चा, पॉल क्रानेनबर्ग यांच्या हातून, सनओएसच्या घरात. ते घर पुढे विस्मरणात गेलं, हा मात्र लिनक्सकडे आला आणि तिथलाच होऊन गेला. २००९ मध्ये इकडे वसई-विरारला महानगरपालिका मिळाली, त्याच वर्षी तिकडे याचा सांभाळ दिमित्री लेविन यांच्याकडे आला. बोधचिन्ह शहामृगाचं. वाळूत डोकं खुपसतो म्हणून बदनाम झालेला पक्षी याला मिळावा हे बरंच झालं, कारण याचा धंदाच दुसऱ्यांच्या कामात डोकं खुपसण्याचा.

कुठल्याही प्रोग्रामला फाइल उघडायची असो, नेटवर्कवर काही पाठवायचं असो, ते त्याला परस्पर करता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, अर्ज करावा लागतो. तो अर्ज म्हणजे सिस्टिम कॉल. एसट्रेस मध्ये उभा राहून प्रत्येक अर्ज वाचतो, कर्नलने काय उत्तर दिलं तेही वाचतो, आणि दोन्ही एका ओळीत लिहून काढतो. त्यासाठी त्याला सोर्स कोड लागत नाही, प्रोग्राम कोणी लिहिला हेही विचारत नाही.

आमच्या वसई पूर्वेला, वालीवच्या बाजूला, गाळ्यागाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांना हा याच कारणाने आवडतो. लेबल छापणारा, वजन नोंदवणारा एखादा प्रोग्राम कधीकाळी कोणीतरी करून दिलेला असतो. करून देणारा फोन उचलत नाही आणि कोड त्याच्याबरोबरच गेलेला असतो. अशाच एका गाळ्यात लेबल छापायला भलताच वेळ लागत होता. मी चालू प्रोसेसला एसट्रेस जोडला आणि स्क्रीनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटायला लागली: ओपनॅट, पुढे फॉन्टच्या फाइलचा लांबलचक पत्ता, मग बरोबरचं चिन्ह, उणे एक, एनोएन्ट. म्हणजे अशी फाइलच नाही. दर लेबलाला प्रोग्राम त्या नसलेल्या फाइलचे उंबरे झिजवत होता. निदान झालं, पण तेवढ्यात खालून मुकादम वर आला. "सर, तुमचं बघणं आधी थांबवा. टेम्पो उभाय, आणि लेबलं निघायची तीपण बंद झालीत."

मुकादमाचं खरं होतं. एसट्रेस ज्या पीट्रेस नावाच्या सोयीवर जगतो, तिची रीतच तशी आहे. विरार लोकलच्या दारात एक टीसी उभा आहे असं समजा. तो चढणाऱ्या प्रत्येकाला थांबवतो, तिकिटाची माहिती चर्चगेटच्या ऑफिसात कळवतो, तिथून होकार आला की आत सोडतो; आणि उतरताना पुन्हा तेच. प्रत्येक सिस्टिम कॉलला प्रोसेस दोनदा थांबते, जाताना आणि येताना. दर थांब्याला कर्नल तिला बाजूला ठेवून एसट्रेसला जागं करतो, मग परत तिला. खर्च होतो तो या उठबशीत. मजकूर लिहायला त्या मानाने काहीच लागत नाही.

हा खर्च किती वेडा असू शकतो ते सिस्टिमच्या वेगाचे अभ्यासक ब्रेंडन ग्रेग यांनी २०१४ मध्ये मोजून दाखवलं. डीडी या साध्या प्रोग्रामला त्यांनी एकेक बाइट वाचून एकेक बाइट लिहायला लावलं, पाच लाखांहून जास्त वेळा. एरवी हे काम सेकंदाच्या दहाव्या हिश्शात होतं. एसट्रेस लावल्यावर सुमारे ४६ सेकंद लागले, ४४२ पट. खरी गंमत पुढे आहे. एसट्रेसला त्यांनी फक्त ॲक्सेप्ट हा कॉल बघायला सांगितलं होतं, आणि डीडी तो कॉल कधी करतच नाही. टीसीला फक्त फर्स्ट क्लासचे पास बघायचे होते, पण कोणाकडे तो आहे हे ठरत होतं चर्चगेटला. म्हणून गाडीभर सेकंड क्लास थांबला आणि हाती एकही पास लागला नाही.

म्हातारा शिकला नाही असं नाही. पूर्वी दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीतला मजकूर तो एकेक शब्द, म्हणजे हल्लीच्या मशिनवर आठ-आठ बाइट, उचलून आणायचा. २०१२ मध्ये लिनक्स ३.२ ने अख्खा तुकडा एका दमात वाचायची सोय केली, तीही त्याने घेतली. मोठा धडा मात्र २०१९ चा, एसट्रेसच्या स्वतःच्या ५.३ आवृत्तीचा. त्यात सेकॉम्प-बीपीएफचा पर्याय आला. कोणाला थांबवायचं याची छोटी यादी आता कर्नलच्या हातात दिली जाते. यादीत नसलेला कॉल न थांबता निघून जातो. निवड दारातच झाली, चर्चगेटची खेप वाचली. माझ्या मते वेग वाढवण्याच्या या सगळ्या खटपटीत एवढी एकच गोष्ट कळीची आहे: निर्णय जिथे प्रसंग घडतो तिथेच घ्यायचा.

यालाही अटी आहेत. पोराबाळांसकट माग काढायची आज्ञा दिल्याशिवाय हा पर्याय चालत नाही, कारण ती यादी प्रोसेसच्या मुलांकडे वारशाने जातेच. शिवाय आधीच चालू असलेल्या प्रोसेसला तो लागू पडत नाही. तिला एसट्रेसच्या हाताखाली नव्याने सुरू करावं लागतं. चार दिवसांनी एकदा अडकणारा प्रोग्राम नेमका अडकलेला सापडला, तर बंद करून सुरू करण्यात रोगच पळून जातो. वालीवला तसं नव्हतं. तिथे प्रोग्राम पुन्हा सुरू केला, फक्त ओपनॅट बघायला सांगितलं, आणि मुकादम वर आला नाही.

पुढची पिढी ईबीपीएफची. ती कोणाला थांबवतच नाही. कर्नलमधल्या ट्रेसपॉइंटवर छोटासा प्रोग्राम बसवायचा; तो तिथल्या तिथे निवड करतो, मोजदाद करतो, लागेल तेवढंच रिंग बफरमध्ये टाकतो, आणि बाहेरचा वाचक सवडीने गठ्ठ्याने उचलतो. भरगर्दीच्या सर्व्हरवर दुसरं काही लावूच नये. पण बफर भरला की नोंदी गळतात. फाइलचं नाव ज्या पानावर आहे ते पान त्या क्षणी मेमरीत नसेल तर नावाच्या जागी कोरी जागा येते, कारण थांबून पान आणवायची त्याला मुभा नाही. बहुतेक ठिकाणी रूटचे अधिकारही लागतात. एसट्रेसला वेळच वेळ. तो नाव वाचल्याशिवाय हलत नाही, एक कॉल सोडत नाही, आणि स्वतःच्या प्रोसेसपुरता कोणीही साधा माणूस त्याला बोलावू शकतो. गाळ्यातल्या एका मशिनवर मी अजून त्यालाच बोलावतो.

त्याची अडचण वेगळीच होत चालली आहे. वेळ विचारण्यासारखी कामं व्हीडीएसओमुळे कर्नलमध्ये न शिरताच उरकतात, ती त्याला पूर्वीपासून दिसत नाहीत. २०१९ मध्येच लिनक्स ५.१ मध्ये आयओयूरिंग आलं. त्यात प्रोग्राम आणि कर्नल एका सामायिक रांगेत कामं ठेवतात आणि उचलतात. शंभर वाचनं एका कॉलमध्ये जातात, आणि रांगेवर कर्नलचाच धागा नजर ठेवून असेल तर तो एक कॉलही बहुतेक वेळा लागत नाही. अशा सर्व्हरला एसट्रेस जोडला तर सुरुवातीची मांडामांड दिसते, पुढची वाचनं दिसत नाहीत. ती बघायची तर आयओयूरिंगचे स्वतःचे ट्रेसपॉइंट कर्नलमध्ये आहेत, आणि तिथे पाठवायला ईबीपीएफ किंवा पर्फ यांसारख्या साधनांना गाठावं लागतं.