लिपी बदलली, नाद कोणता?

पंडित भातखंडे (१८६०-१९३६) व पंडित पलुसकर (१८७२-१९३१) यांच्या स्वरलिपी भिन्न. परंतु लिपी बदलल्याने गाणाराचा गळा बदलत नसे. संगणकाची गोष्ट निराळी. स्वरलेखनाची ‘फिनाले’ ही आज्ञावली २०२४ साली बंद झाली, तेव्हा अंबाजोगाईस आम्ही घरच्या चिजा ‘डोरिको’त नेल्या. स्वर जागच्या जागी होते. नाद मात्र आजींस परका वाटला! तेथील ‘प्रेफरन्सेस’मध्ये ध्वनिसंच एकदा ठरविला, म्हणजे नव्या रचना तोच घेतात, आधी जतन केलेल्यांस तो एकेकीस लावावा लागतो. मुलांच्या कानी रोज पडेल तोच नाद त्यांस आपला वाटणार. म्हणून ही निवड यंत्रावर न सोडता घरातील जाणत्यांनी ऐकून करावी, असे आम्हांस वाटते.