कुत्रा माणसांचा, मुंगूस जागेचे

बदलीच्या नोकरीत प्राणी पाळू नये, असा सल्ला वडीलधारी मंडळी नेहमी देत असतात. तो न मानणाऱ्यांच्या घरी बहुधा कुत्रा असतो. आमच्या घरी मात्र कुत्र्याच्या जोडीला मुंगूसही होते, आणि तेही काशीस, संकठा घाटावर.

1966 साली वडिलांची तेथे बदली झाली आणि आम्ही घाटामागच्या गल्लीत बिऱ्हाड केले. नदीकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हातास ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी बांधविलेला घाट आणि डाव्या हातास गंगामहाल ओलांडला की नागपूरकर भोसल्यांचा. त्यामुळे परमुलखात आल्यासारखे फारसे वाटत नसे. कुत्रा गल्लीतूनच घरात आला. काशीत तो कालभैरवाचे वाहन. त्यास हाकलण्याचे धैर्य आमच्या आईस झाले नाही. मुंगसाचे पिल्लू एका नावाड्यास पूर ओसरल्यावर घाटाच्या दगडांत सापडले होते. त्याने ते पंचात गुंडाळून आणून दिले.

पहिले पंधरा दिवस घरात युद्धाचे वातावरण होते. पिल्लू दुरडीखाली, कुत्रा साखळीस. कुत्र्याने दुरडीस नाक लावले की ते वीतभर पिल्लू अंगावरचे केस फुलवून दुप्पट होई आणि शेपटीखालच्या ग्रंथींतून असा उग्र दर्प सोडी की कुत्र्याआधी आम्हीच माघार घेत असू. आईने मग युक्ती केली. एकाच्या अंथरुणाची चिंधी दुसऱ्याच्या अंथरुणात ठेवली. दोघांचा वास दोघांच्याही अंगवळणी पडला. जेवण मात्र अखेरपर्यंत निरनिराळ्या कोपऱ्यांत. दुधाच्या वाटीवरून एकदाच कुत्र्याच्या नाकास दात लागले, त्यानंतर त्याने ती वाटी दुरूनच पाहिली.

खरा समेट घडविला तो निसर्गाने. मुंगूस दिवसाचा प्राणी. ते सकाळी झुरळे, पाली, उंदीर यांच्या शोधात फडताळामागे शिरे आणि दिवेलागणीस झोपी जाई. कुत्रा दुपारभर झोपे आणि रात्री दारात बसे. दिवसपाळी आणि रातपाळी यांत घर वाटले गेले. त्यांची मैत्री झाली असे आम्ही म्हणणार नाही. सज्जात ऊन खात दोघे पडलेले असत, पण मध्ये दोन हातांचे अंतर राखून.

या दिवसपाळीपायीच मुंगसाची एक परदेशी नेमणूक जगाच्या अंगाशी आली. 1872 साली जमैकातील उसाच्या मळ्यांत उंदीर मारण्यासाठी हिंदुस्थानातून नऊ मुंगसे नेण्यात आली. तेथून त्यांची संतती 1883 मध्ये हवाई बेटांवर गेली. उंदीर बहुतांशी रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा. उंदीर खाल्ले नाहीत असे नव्हे. पण जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे आणि कासवांची अंडी त्याहून सोपी होती. त्यात दोष मुंगसाचा नव्हे, नेमणूक करणाऱ्यांचा. परतीचा हुकूम मात्र कोणालाच काढता आला नाही.

संकठा घाटाजवळ यमेश्वराचे आणि यमादित्याचे देऊळ आहे. यम म्हणजेच धर्म. महाभारतात हे दोन्ही प्राणी त्या धर्माच्या भोवतीच येतात. युधिष्ठिराच्या अश्वमेधात अर्ध्या सोन्याच्या अंगाचे मुंगूस येते, या यज्ञास गरीब ब्राह्मणाच्या मूठभर सातूची सर नाही असे भर मंडपात सुनावते आणि निघून जाते. महाप्रस्थानात कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत मागे चालतो, आणि तो स्वतः धर्मच असतो. एक निघून जाणारा, एक सोबत करणारा. आमच्या घरी 1970 साली नेमके हेच घडले.

बदलीचा हुकूम आला आणि ट्रंका भरू लागल्या, तसा कुत्रा त्यांना चिकटून बसला. पुढे गार्डाच्या डब्यातील पिंजऱ्यात, रीतसर पावती करून, तो आमच्याबरोबर आला. मुंगूस तोवर वाढून मोकळे हिंडत होते. कित्येकदा दोन-दोन दिवस येत नसे. निघण्याच्या सकाळी आईने चौकात वाटी ठेवली. ते आले, दूध प्याले, रिकाम्या खोल्यांतून एक फेरी मारली आणि जिन्याने घाटाकडे उतरले. धाकटी बहीण मागून त्यास रामाची शपथ घालून तोंड दाखवावयास सांगत होती. त्याने मागे वळून पाहिले नाही. आई म्हणाली, “त्याचं घर इथंच आहे गं. बदली आपली झाली.”

कुत्र्याने माणसाची संगत धरल्यास चौदा हजार वर्षे तरी झाली. मुंगसाने ती कधीच धरली नाही. ते शेजारी राहिले एवढेच. आज वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास घरात ठेवता येत नाही, हे योग्यच आहे. रंगाच्या कुंचल्यांसाठी त्याची चोरटी शिकार मात्र थांबलेली नाही. दूरच्या मुलखात बिऱ्हाड करणाऱ्या मंडळींना आमचे सांगणे इतकेच : कुत्रा असेल तर सामानाआधी त्याच्या प्रवासाची सोय करावी, आणि परसात मुंगूस येत असेल तर कुत्र्यास थोडा वेळ बांधून त्याची वाट मोकळी ठेवावी.