अम्मीच्या बांगड्या

बरेच दिवस इकडे फिरकले नाही. रमजान होता, आणि दर रमजानात माझं एक गणित असतं, जकातीचं. या वेळी ते अम्मीच्या चार बांगड्यांपाशी अडलं.

अम्मी जाऊन तीन वर्षं झाली. बांगड्या मी घालत नाही, लॉकरमध्ये असतात. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफई मताप्रमाणे बाईच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. सासर माझं मराठवाड्यातलं, हनफी. तिथे घाला नाहीतर ठेवून द्या, सोन्यावर जकात आहेच. दोन्ही मतं मला पाठ, आणि सोयीचं तेवढं घ्यायचं हा खाक्या!

पण लॉकरमधल्या सोन्याला 'वापरातलं' कसं म्हणणार? मग दुसरी पळवाट शोधली. सोन्याचा निसाब साडेसात तोळे. पण तो जुन्या तोळ्याचा हिशेब, म्हणजे 87.48 ग्रॅम, सोनाराचा तोळा आता 10 ग्रॅमचा. बांगड्या भरल्या 82 ग्रॅम. सुटले! सासूबाईंना फोनवर सांितलं, तर म्हणाल्या, "अगं, बँकेतले पैसे धरलेस का त्यात?" हनफींमध्ये सोनं आणि रोकड एकत्र मोजतात. मी गप्प.

द्यायचा होता चाळिसावा हिस्सा, म्हणजे 2 ग्रॅमच्या जरासा वर. एवढ्यासाठी ही वकिली... जकात भरली, पण स्वतःची लाज वाटली ती वाटलीच.

भाकऱ्या थापता थापता अम्मी मदिनेच्या अबू तल्हांची गोष्ट सांगायची. बैरुहा ही त्यांची सगळ्यात लाडकी खजुराची बाग, मशिदीच्या समोरच. आवडतं ते दिल्याशिवाय नेकी मिळत नाही, अशा अर्थाची आयत उतरली, तशी त्यांनी ती बागच देऊन टाकली. पैगंबरांनी ती त्यांच्याच नातेवाइकांत वाटायला सांगितली.

आमच्या नात्यातल्या एका मुलीची नर्सिंगची फी अडली होती. (कोण ते विचारू नका, ती हे वाचते.) ईदच्या आधी दोन बांगड्या तिच्या आईच्या हातात ठेवल्या. सगळ्यांनी कौतुक केलं.

चारपैकी दोन अम्मीने मागाहून केलेल्या, लग्नकार्यापुरत्या घातलेल्या, नक्षी अजून टोचते. दुसऱ्या दोन तिच्या रोजच्या, झिजून गुळगुळीत झालेल्या, एकीला पाट्यावर आपटून आलेला पोचा.

दिल्या त्या नक्षीच्या.