भागाकाराशिवाय भागाकार

सी भाषेत बत्तीस बिटांच्या, बिनचिन्हाच्या पूर्णांकाला दहाने भागणारी एक ओळ लिहा, ऑप्टिमायझेशन चालू ठेवून कंपाइल करा आणि तयार झालेला असेंब्ली कोड उघडून बघा. भागाकाराची इन्स्ट्रक्शन त्यात कुठेही नसते. असतो तो ३,४३,५९,७३,८३७ या संख्येशी केलेला गुणाकार, आणि पाठोपाठ उत्तर ३५ बिट उजवीकडे सरकवणं. आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना मी सुरुवातीलाच हे करून बघायला सांगते. कंपायलर म्हणजे मराठीतून इंग्रजीत करावं तसं शब्दाला शब्द भाषांतर, ही समजूत तिथेच संपते.

एवढा खटाटोप कशासाठी? प्रोसेसरमध्ये गुणाकाराचे आंशिक गुणाकार एकाच वेळी मांडून बेरजेला घालता येतात. भागाकारात मात्र पुढचा अंक आधीच्या बाकीवर अवलंबून, त्यामुळे एकामागून एक पायऱ्या चढाव्याच लागतात. आजच्या प्रोसेसरांवर पूर्णांकांचा गुणाकार साधारण तीन-चार चक्रांत होतो. भागाकाराला काही वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरांवर वीस-पंचवीस चक्रं सहज लागत. आणि दहाने भागणं ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. यंत्राच्या पोटात आकडा द्विमान पद्धतीत असतो. तो तिकिटावर, वीजबिलावर किंवा बँकेच्या पासबुकात छापायचा तर पुन्हापुन्हा दहाने भागून एकेक अंक सुटा करावा लागतो.

आता ती संख्या आली कुठून ते बघू. २ चा ३५ वा घात म्हणजे ३४,३५,९७,३८,३६८. त्याला दहाने भागलं की ३,४३,५९,७३,८३६.८ येतात. वरचा पूर्णांक घेतला की आपली संख्या मिळाली. म्हणजे आपण मूळ संख्येला जवळपास एक दशांशाने गुणतो आहोत, फक्त तो दशांश किंचित मोठा आहे. ही किंचित चूक उत्तर बिघडवेल का, हा खरा प्रश्न. बत्तीस बिटांतली सर्वांत मोठी संख्या घेतली तरी चूक एक चाळीसांशापेक्षा कमीच राहते. दहाने भागल्यावर उरणारा अपूर्णांक जास्तीत जास्त नऊ दशांश असतो. त्यात एक चाळीसांश मिळवला तरी पूर्ण एक होत नाही, म्हणून खालचा पूर्णांक कधीच बदलत नाही. चार ओळींची सिद्धता, आणि जवळपास ४२९ कोटी संख्यांसाठी एकदमच हमी. मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच: अचूक उत्तरासाठी अचूक दशांश लागत नाही, चूक किती होईल याचा चोख हिशेब लागतो.

टॉर्ब्योर्न ग्रानलुंड आणि पीटर मॉन्टगोमेरी यांनी १९९४ साली एका शोधनिबंधात कुठल्याही ठरलेल्या भाजकासाठी असा गुणक कसा काढायचा ते मांडलं, आणि जीसीसी या कंपायलरमध्ये ते उतरवूनही दाखवलं. पुढे हेन्री वॉरेन यांच्या ‘हॅकर्स डिलाइट’ या २००२ च्या पुस्तकामुळे ते घरोघरच्या प्रोग्रामरांपर्यंत पोचलं.

सातने भागताना मात्र अडतं. तिथे लागणारा गुणक ३३ बिटांचा, म्हणजे बत्तीस बिटांच्या रजिस्टरमध्ये न मावणारा. मग गुणाकाराचा वरचा भाग आणि मूळ संख्या यांची सरासरी काढावी लागते. सरासरी म्हणजे बेरीज करून दोनाने भागणं, पण ती बेरीजच ३३ बिटांत जाऊ शकते. स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर यावा तसं रजिस्टरचं होतं. म्हणून कंपायलर आधी वजाबाकी करतो, ती निम्मी करतो आणि मग लहान संख्येत मिळवतो. उत्तर तेच, पण मधली कुठलीही पायरी रजिस्टरबाहेर सांडत नाही.

हीच सरासरी २००६ साली गाजली. जावाच्या प्रमाणित लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी निम्मी करत शोधण्याच्या पद्धतीत, मधला क्रमांक काढताना दोन टोकांची थेट बेरीज केलेली होती. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की बेरीज ऋण व्हायची आणि प्रोग्राम कोसळायचा. हा कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी स्वतःच हे जाहीरपणे मांडलं. वर्षानुवर्षं जगभर वापरलेल्या कोडात ही चूक होती, आणि ती सापडायला मेमरी तेवढी मोठी व्हावी लागली.

ऋण संख्यांचं आणखी एक दुखणं आहे. सीमध्ये -७ भागिले २ म्हणजे -३, कारण तिथे उत्तर शून्याकडे झुकतं. पण -७ चे बिट चिन्ह सांभाळून एक घर उजवीकडे सरकवले तर -४ येतात. म्हणून कंपायलर आधी संख्येचा चिन्हाचा बिट तिच्यातच मिळवतो, -७ ची -६ होते, आणि मग सरकवतो. ‘वेगवान’ म्हणून भागाकाराच्या जागी हाताने शिफ्ट लिहिणारा प्रोग्रामर हा एक बिट विसरला, तर वेग मिळतो आणि उत्तर जातं.

याहून वादाचा मुद्दा ओव्हरफ्लोचा, म्हणजे उत्तर ठरलेल्या बिटांत न मावण्याचा. चिन्ह असलेल्या पूर्णांकाचा ओव्हरफ्लो झाला तर काय व्हावं हे सीचं मानक सांगतच नाही. म्हणून ‘क्ष अधिक एक हे क्षपेक्षा मोठं आहे का?’ असं विचारलं तर कंपायलर थेट ‘हो’ धरून ती तपासणीच काढून टाकू शकतो. यामागे कारण आहे: या मोकळिकीमुळे चौसष्ट बिटांच्या यंत्रावर लूपचा बत्तीस बिटांचा काउंटर मोठ्या रजिस्टरमध्ये निर्धास्त ठेवता येतो. पण सुरक्षेसाठी लिहिलेल्या तपासण्या अशा उडाल्या की त्याची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागते. लिनक्सचा कर्नल म्हणूनच ही मोकळीक बंद करणारा पर्याय देऊन कंपाइल होतो, आणि मला हा निर्णय पटतो. सी++ ने २०२० च्या मानकात ऋण संख्यांची मांडणी पक्की केली, तरी ओव्हरफ्लोचा प्रश्न तसाच ठेवला.

आमच्या कामात म्हणूनच युक्तीपेक्षा सिद्धतेला मान असावा. कोड बदलण्याचा नियम एकाच बत्तीस बिटांच्या संख्येवर असेल तर तो सगळ्या संख्या घालून तपासता येतो. संगणक ते काही सेकंदांत करतो. दोन संख्या आल्या की शक्यता २ च्या ६४ व्या घातावर जातात आणि तो मार्ग बंद होतो. २०१५ मध्ये नुनो लोपेस, डेव्हिड मेनेंडेझ, संतोष नागरकट्टे आणि जॉन रेगर यांनी ‘अलाइव्ह’ हे साधन मांडलं. बदल करण्याचा नियम त्यात लिहायचा, आणि तो बिटाबिटाला खरा आहे की नाही हे तर्काचा सॉल्व्हर सांगतो. खोटा असेल तर उदाहरण काढून हातात देतो. एलएलव्हीएम या कंपायलरमधले तीनशेहून अधिक नियम त्यांनी त्यातून तपासले आणि आठ चुकीचे निघाले. जगातले नामांकित लोक ज्या कोडाचं परीक्षण करत होते त्यातले आठ! आज एलएलव्हीएममध्ये असा नवा नियम आणणाऱ्याकडून अलाइव्हचा पुरावा मागितला जातो. हा बदल मला कुठल्याही नव्या ऑप्टिमायझेशनपेक्षा मोठा वाटतो.

यातलं काहीही परकं किंवा दूरचं नाही. २००० साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर यांच्यासोबत एलएलव्हीएम सुरू करणारे विक्रम आडवे आयआयटी मुंबईचे, आणि त्याच संस्थेत उदय खेडकर यांनी जीसीसीचं अंतरंग शिकवणारं केंद्र उभं केलं. दोन्ही कंपायलरांचा सगळा कोड खुला आहे.

कोड लिहिणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती. भागायचं असेल तर भागाकाराचंच चिन्ह लिहा. भागली जाणारी संख्या कधीच ऋण होणार नसेल तर तसं तिच्या प्रकारात सांगा. शिफ्टचं आणि गुणकाचं काम कंपायलरवर सोडा. आणि त्याने दिलेलं उत्तर खरोखर चुकलेलं दिसलं, तर लहानात लहान नमुना जोडून बग नोंदवा. ती नोंद कोणीही करू शकतं.